आकड्यांचे बिऱ्हाड

एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात मजकूर नेणे सोपे. अवघड जातात ते आकडे. शब्द बिघडला तर वाचणाऱ्याला खटकतो. आकडा बिघडला तरी तो आकडाच दिसतो आणि निमूटपणे पुढे चालू लागतो. मराठवाड्याने हा अनुभव एका पिढीतच पुरेपूर घेतला.

परभणी जिल्ह्यातले ताडकळस घ्या. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. कारभाराची भाषा उर्दू, साल फसली, नाणे हाली. जुन्या फारसी वळणाच्या हिशेबांत रकमाही अंकांनी लिहीत नसत. अरबी संख्याशब्दांची आखडलेली चिन्हे वापरीत. या लेखनाला सियाक म्हणतात. उर्दू उत्तम येणाऱ्यालाही ते निराळे शिकावे लागते.

पोलीस कारवाई झाली ते साल दप्तरात १३५७ फसली होते. त्यात ५९१ मिळवले की १९४८ येते. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५९०च मिळवावे लागतात. सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. म्हणजे ३५ हालीचा सारा कलदारांत ३० रुपये. वहीत नुसता ‘३५’ हा आकडा उरला आणि नाण्याचे नाव गळले, तर पाच रुपयांचा बोजा रयतेच्या माथी!

पुढे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. व्यवहारात सहा धरत. तीन आण्यांचे मात्र एकोणीस. तेव्हा एकेक आणा तीनदा बदलला तर अठरा पैसे, एकदम बदलला तर एकोणीस. आधी बेरीज की आधी बदल, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नव्हे.

जमिनीचे तर विचारूच नका. ‘२.२०’ म्हणजे दोन एकर वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून अडीच एकर. तो ठिपका कुणी दशांशचिन्ह समजला, तर जमीन दोन पूर्णांक दोन दशांश एकर होते. बांध जागचा हलत नाही, पण कागदावरचे बारा गुंठे नाहीसे होतात.

संगणकांच्या जगातही हेच घडले. १९६३ साली आस्की ही संकेतावली आली. १९६४ साली आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० यंत्रांत एबसिडिक ही दुसरीच होती. एकीत ‘१’ या अंकाचा संकेत ४९, दुसरीत २४१. कोष्टक लावून अक्षरे बदलता येत. पण जागा वाचवण्यासाठी रकमा एकेका बाइटात दोन-दोन अंक दाबून ठेवीत, आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात धन-ऋणाची खूण. त्यांवर अक्षरांचे कोष्टक फिरवले की रकमेचे वाटोळे ठरलेले. उपाय एकच: रक्कम आधी साध्या अंकांत मोकळी करायची, मगच पाठवायची. सियाक उलगडणारा जाणकार दुसरे काय करतो?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली उर्दू व मोडी दप्तरे पुन्हा उघडली. तेव्हा अनेकांना उमगले, की नातवाचा दाखला पणजोबाच्या नोंदीवर उभा असतो. म्हणून नवे दप्तर बांधणाऱ्याने आकड्याशेजारी त्याचे नाणे, माप आणि साल लिहून ठेवावे. एवढे सामान बरोबर असले, की आकडा कुठेही बिऱ्हाड करू शकतो.