ढब जुनी, इंजिन नवं

२०१२ सालच्या डिसेंबरात मी एका अनुवादाच्या कामासाठी लखनऊला राहायला गेले आणि आठवड्याभराने माझी मोटरसायकल रेल्वेने मागून आली. चारबाग स्टेशनच्या पार्सल ऑफिसात ती सोडवायला गेले तेव्हा सकाळचं धुकं अजून हललं नव्हतं. टाकीतलं पेट्रोल पुण्यातच काढून घेतलेलं, आरसे सोडवलेले, आणि अख्खी गाडी गोणपाटात गुंडाळून सुतळीने आवळलेली. हमालाने सुतळी कापली, टाकीवरचं गोणपाट बाजूला केलं आणि विचारलं, “मैडम, हार्ले है?”

“नहीं भैया, बजाज है. पुणे की.”

त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. पुढे झुकलेला लांब फोर्क, उंच हँडल, ठेंगणी सीट, गोल दिवा. “पर सूरत तो हार्ले की ही है,” तो म्हणाला आणि पुढच्या नगाकडे वळला.

माझी गाडी म्हणजे २००६ सालची अ‍ॅव्हेंजर १८०. सूरत एकीची आणि इंजिन दुसरीचं, ही तक्रार मी अनुवादक म्हणून वीस वर्षं ऐकत आले आहे. गाडीच्या बाबतीत ती प्रथमच ऐकली. म्हणून शोध घ्यायला बसले, की क्रूझर मोटरसायकलची जी ‘मूळ’ सूरत म्हणतात ती आली कुठून.

हार्ले-डेव्हिडसन ही कंपनी १९०३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात सुरू झाली. तिची ओळख असलेलं इंजिन दोन सिलिंडरचं, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखं, ४५ अंशांत बसवलेलं. दोन्ही सिलिंडरांचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर जोडलेले असतात. त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत: एक ३१५ अंशांनंतर, दुसरा ४०५ अंशांनंतर. त्यातून तो लंगडत चालल्यासारखा ठेका निघतो, ज्यावर जगभरचे लोक जीव टाकतात. ही रचना आटोपशीर होती, सुटे भाग कमी लागत, आणि गाडीच्या सांगाड्यात इंजिन नीट मावे. नाद हा तिच्यासोबत आलेला. पुढे १९९४ साली कंपनीने याच आवाजाला व्यापारचिन्हाचं संरक्षण मिळावं म्हणून अर्ज केला आणि २००० साली तो मागे घेतला. काटकसरीतून आलेली गोष्ट नव्वद वर्षांत वारसा झाली होती.

सूरतीचंही तसंच. जुन्या हार्लेच्या मागच्या चाकाला शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हते; रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट पाठीच्या कण्याला कळे. १९५८ च्या ‘ड्युओ-ग्लाइड’ने मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणले. पाठी सुखावल्या, पण सीटखालून चाकाच्या आसापर्यंत उतरणारी सरळ रेघ मोडली आणि काहींना ती गाडी परकी वाटू लागली. यावर तोडगा काढला बिल डेव्हिस नावाच्या इंजिनियरने. त्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बर गाडीच्या पोटाखाली लपवले. हार्लेने त्याचं संकल्पन विकत घेतलं आणि १९८४ साली ‘सॉफ्टेल’ बाजारात आली: दिसायला १९४० च्या दशकातली ताठ गाडी, बसायला मऊ.

याच्या शेजारी आणखी दोन गाड्या ठेवून पाहाव्यात. होंडाच्या ११०० सीसी ‘शॅडो’चं इंजिन दोन वेगळ्या पिनांच्या क्रँकमुळे कमी थरथरे. १९९५ साली होंडाने तिची ‘अमेरिकन क्लासिक एडिशन’ काढताना मुद्दाम एका पिनचा क्रँक बसवला. सुधारलेलं यंत्र पुन्हा खडबडीत केलं, कारण गिऱ्हाइकाला तो लंगडा ठेका हवा होता. उलट २००१ साली खुद्द हार्लेने पोर्शेच्या मदतीने ‘व्ही-रॉड’ केली: पाण्याने थंड होणारं, ६० अंशांचं, चपळ इंजिन. जुन्या भक्तांनी तिला मनापासून आपलं म्हटलं नाही आणि २०१७ मध्ये ती बंद झाली. परक्याने केलेली नक्कल खपली आणि घरच्याने केलेला बदल परका ठरला. साहित्याच्या इतिहासातही असं घडताना पाहिलं आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

आता पुण्याकडे. बजाज आणि कावासाकी यांची भागीदारी १९८० च्या दशकातली. कावासाकीने १९८५ पासून अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींच्या गाड्यांची ढब उचलून ‘एलिमिनेटर’ मालिका काढली होती. २००१ साली त्याच नावाची १७५ सीसीची क्रूझर बजाजने भारतात आणली. म्हणजे अमेरिकेची ढब, जपानची संहिता आणि मग मराठी मुलखातली आवृत्ती: अनुवादाचा अनुवाद. इंजिन जपानी होतं, गाडी देखणी होती आणि मध्यमवर्गाच्या खिशाला जड होती.

२००५ साली बजाजने तीच ढब ठेवून इंजिन बदलले. ‘अ‍ॅव्हेंजर’मध्ये पल्सरचं १८० सीसीचं डीटीएस-आय इंजिन आलं. एका सिलिंडरमध्ये दोन स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दोन बाजूंनी पेटतं आणि लवकर, पुरतं जळतं. आपल्याकडे नवी गाडी दारात उभी राहिली की शेजारचे काका पहिला प्रश्न विचारतात, “अ‍ॅव्हरेज किती देते?” अमेरिकेच्या लांबलचक महामार्गांसाठी जन्मलेल्या ढबीला या प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं, आणि ते उत्तर दोन प्लगांनी दिलं. लंगडा ठेका मात्र गेला; एका सिलिंडरला लंगडता येत नाही. मी ही गाडी घेतली त्याचं कारण त्याहून साधं होतं. माझी उंची पाच फूट एक इंच आणि सिग्नलला दोन्ही पाय पुरते टेकतील अशी दुसरी मोठी गाडी मला दुकानात दिसली नाही. कोणा परदेशी स्वाराच्या ऐटीसाठी खाली आलेली सीट माझ्या उपयोगी पडली.

लखनऊत पहिल्याच महिन्यात मागचं चाक पंक्चर झालं. चारबागबाहेर विक्रमांची रांग लागते, तिच्या पलीकडच्या गल्लीत एका वयस्क उस्तादांचं दुकान होतं. तारांच्या चाकाला आत ट्यूब असते, म्हणून अख्खं चाक उतरवावं लागलं. काम करता करता उस्ताद म्हणाले, “अब बिना ट्यूब वाले पहिये आते हैं. लगवा दूँ?” मी म्हटलं, सूरत बिघडेल. ते हसले. “सूरत तो टंकी और हैंडल में है, मैडम. पहिये को कौन देखता है?”

उस्ताद घडले होते ‘विजय सुपर’ स्कूटरवर. ती याच शहराची. १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कंपनीने मिलानच्या इनोचेंती कारखान्याची लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री, आराखडे आणि नाव असं सगळं विकत घेतलं, आणि १९७५ पासून लखनऊच्या सरोजिनी नगरातून स्कूटर बाहेर पडू लागल्या. इटलीत जी संहिता संपली ती अवधमध्ये अक्षरशः जपली गेली. आजही लॅम्ब्रेटाचे युरोपीय शौकीन लखनऊच्या गाड्यांना किंमत देतात. पण शेवटची इटालियन आवृत्ती १९६९ ची, आणि तिच्यापुढची आवृत्ती लिहिणारं कोणी नव्हतं. १९९७ मध्ये कंपनीने दुचाकी बंद केल्या. तीनचाकी विक्रमवर कारखाना आणखी काही वर्षं चालला आणि जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करायला मंजुरी दिली. त्यामागे सरकारी कारभाराची इतरही कारणं होती. तरी संहिता जपणं आणि ती जिवंत ठेवणं यातलं अंतर मला त्या गल्लीत दिसलं. त्या अंतरात माणसांचे रोजगार असतात.

पुण्याने तरी वेगळं काय केलं, असं कोणी विचारेल. बजाजचा व्हेस्पाचा परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच अंगाची ‘चेतक’ आली. तीही तीन दशकं फारशी बदलली नाही, कारण नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायला तयार होते. डिसेंबर २००९ मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर बंद करण्याचं जाहीर केलं, तेव्हा राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघडपणे सांगितलं. वडिलांचं दुःख खरं होतं आणि मुलाचा हिशेबही खरा होता. जानेवारी २०२० मध्ये ‘चेतक’ परत आली ती बॅटरीवर चालणारी. अंगाची गोलाई आणि धातूचा पत्रा राहिला, इंजिन गेलं.

२०१५ साली बजाजने अ‍ॅव्हेंजरच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी मांडल्या. ‘क्रूझ’ला तारांची चाकं आणि चकाकतं क्रोम, ‘स्ट्रीट’ला काळा रंग आणि मिश्रधातूची चाकं. २२० सीसीचं इंजिन दोघींना एकच. टाकीची ढब दोघींचीही तीच. तीन वर्षांपूर्वी उस्ताद पंक्चर काढताना बोलले होते ते कंपनीने आता दुकानात उभं केलं होतं. एप्रिल २०२० च्या प्रदूषण नियमांनी अ‍ॅव्हेंजरचा कार्ब्युरेटरही गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. बाहेरून कोणाला कळलंही नसेल.

चारबागचं स्टेशन मी पुढे नीट पाहू लागले. १९१४ साली पायाभरणी झालेली ही इमारत घुमट, छत्र्या आणि कमानींनी नटलेली आहे. वरून पाहिलं तर बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखी दिसते असं लखनऊकर सांगतात. जिथे नवाबी बाग होती तिथे रेल्वेचं यंत्र महालाचा पेहराव करून उभं राहिलं. सत्ता परकी होती, तिला तो पेहराव सोयीचा होता, हेही विसरू नये. पण आज शहराला ते स्टेशन उसनं वाटत नाही.

२०१७ मध्ये काम संपलं आणि गाडी परत पुण्याला पाठवायला मी त्याच पार्सल ऑफिसात गेले. चाकं तारांचीच होती. उस्तादांचं म्हणणं पटूनही मी ती बदलली नव्हती. बाबूजींनी फॉर्म पुढे ओढला आणि मालाचं वर्णन विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी गाडीकडे एकदा पाहून लिहूनही टाकलं होतं: एक मोटरसाइकिल, पुरानी.