गोल्फच्या हिरवळीभोवतालची उपनगरे

बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे 1882 साली ‘द कंट्री क्लब’ स्थापन झाला, तेव्हा शहरातील धनिकांनी मोकळ्या हवेत घोडेस्वारी व मनोरंजन करावे, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु अशा क्लबाच्या सान्निध्याने भोवतालच्या जमिनीचे मोल वाढते, हे ध्यानी येताच जमिनीच्या व्यापाऱ्यांनी क्लबालाच वसाहतीचे केंद्रस्थान केले. बाल्टिमोरच्या रोलंड पार्कमध्ये विजेच्या ट्रामपाठोपाठ 1898 साली क्लब आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या मैदानावर अमेरिकेची राष्ट्रीय खुली गोल्फ स्पर्धा भरली. तोच आदर्श समोर ठेवून जे. सी. निकल्स यांनी कॅन्सस सिटीत वसविलेला ‘कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट’ मला दूरदृष्टीच्या बाबतीत अधिक श्रेष्ठ वाटतो, कारण मोटारीचे युग ओळखून त्यांनी 1923 साली प्लाझा ही बाजारपेठ उघडली.

मात्र या रम्य वसाहतीचे अंतरंग तिच्या खरेदीखतांत वाचावे लागते. घर रस्त्यापासून किती आत असावे, त्यावर किमान किती खर्च व्हावा, या शर्तींच्या जोडीनेच कृष्णवर्णीयांस मिळकत विकू वा भाड्याने देऊ नये, अशी मनाई त्यांत असे. आणि बहुसंख्य मालकांनी मुदतीपूर्वी लेखी बदल नोंदविला नाही, तर त्या शर्ती आपोआप पुढे चालाव्यात, अशी तजवीजही निकल्स यांनी केली होती. सौंदर्यदृष्टीला इतका घोर अन्याय चिकटलेला पाहून मन व्यथित होते. अशा वर्णभेदी शर्तींची अंमलबजावणी न्यायालयांनी करू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला. घरविक्रीतील भेदभावास मनाई करणारा संघराज्याचा कायदा मात्र 1968 साली झाला.