सुरुंगाची वही

सुरुंग हा शब्द मराठी माणसाला किल्ल्यांनी शिकविला. १६६० साली शाएस्तेखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज सुरुंगाने उडविला, आणि फिरंगोजी नरसाळ्याची झुंज इतिहासात राहिली. लढाईतल्या सुरुंगाचा हिशेब जयापजयात मिटतो. शांततेच्या काळातल्या सुरुंगाचे तसे नाही. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाचा कातळ रेल्वेसाठी फोडला गेला, तेव्हा शत्रू कोणीच नव्हता. जीव मात्र मजुरांचे गेले.

स्फोटक द्रव्यांचा कायदा १८८४ साली आला. खाणींचा कायदा १९५२ साली आला आणि धातुखनिजांच्या खाणींचे नियम १९६१ साली; दगडाची खाणही त्यांच्याच कक्षेत आली. या नियमांत एक साधी अट वारंवार भेटते: नोंद हवी ती बांधीव, पृष्ठांक घातलेल्या वहीत. सुटा कागद हरवला तर कळत नाही. बांधीव वहीतले पान फाडले, तर पुढचा आकडा चुगली करतो.

वात लावून उडविलेल्या सुरुंगांचे आवाज मोजावे लागतात. दहा भरले आणि नऊच वाजले, तर अर्धा तास तिकडे कोणी फिरकायचे नाही. तो दहावा सुरुंग पुढच्या पाळीला सांगितला गेला नाही, तर कोणाची तरी पहार नेमकी त्याच्यावर पडते. वहीतली एक ओळ त्या माणसाचा जीव राखते.

सिडको १९७० साली स्थापन झाली. नव्या मुंबईच्या बांधकामाला खडी पुरविण्यासाठी तुर्भे-पावण्याकडे पारसिकचा डोंगर पोखरला गेला. पुढे विमानतळासाठी सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरविली गेली, आणि दहा गावे उठली. स्फोटांचे हादरे घरांना बसतात, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. खाणसुरक्षा खात्याच्या १९९७ च्या परिपत्रकाप्रमाणे, कंपनांची वारंवारता कमी असेल तर साध्या घरापाशी हादऱ्याचा वेग सेकंदाला पाच मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. वहीची भाषा मिलिमीटरची, गावकऱ्याची भाषा भिंतीवरच्या तड्याची. दोघांची गाठ पडायची, तर ती वही गावकऱ्यालाही पाहता आली पाहिजे.

२०२५ च्या डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. टेकडी आता साक्षीला बोलावता येणार नाही. कोणत्या दिवशी किती दारू भरली, किती सुरुंग उडाले आणि हादरा कोठवर पोचला, हे विचारायचे तर विचारणार त्या वहीलाच.