मंद इंटरनेट असेल तर कोणते लिनक्स घ्यावे?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. पांढुर्णा-सौंसर भागात ज्या सभासदांच्या घरी असा जुना संगणक आहे, त्यांनी तो भंगारात काढू नये. लिनक्स विनामूल्य आहे. त्याच्या अनेक तयार आवृत्त्या आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. प्रश्न फक्त निवडीचा.

बँकेत कर्ज देताना आम्ही सांगायचो, नुसता हप्ता पाहू नका, एकूण परतफेड पाहा. इथेही तसेच आहे. पहिली फाइल किती मोठी, एवढेच पाहू नका; पुढे दर महिन्याला किती डेटा लागेल तेही मोजा.

डेबियनची ‘नेटइन्स्ट’ फाइल एक जीबीहून कमी असते. पण बाकीचे सामान इन्स्टॉल होताना इंटरनेटवरून येते. मी एकदा याच मोहात पडलो, मध्येच लाइन गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. डेबियनच हवे असेल तर लाइव्ह किंवा डीव्हीडीची पूर्ण प्रत घ्यावी.

चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट एक्सएफसीई सोयीचे. फाइल सुमारे तीन जीबीची. एक एमबीपीएस वेगाने साडेसहा-सात तास लागतात. पण फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस त्यातच मिळते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. रॅम एक-दोन जीबीच असेल तर पपी किंवा अँटीएक्स पाहावे.

आर्चसारख्या ‘रोलिंग’ डिस्ट्रो टाळाव्यात, त्यांची मोठी अपडेट सतत येत राहतात. फ्लॅटपॅकची अॅप्सही डेटा फार खातात.

फाइल टोरेंटने उतरवावी. लाइन तुटली तरी काम जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. उतरल्यावर चेकसम जुळवून पाहावा. नंतर पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासावेत. इन्स्टॉल करण्यापूर्वी फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे ठेवावी, कारण डिस्क पुसली की काही परत मिळत नाही.

पूर्वी उबंटूची सीडी टपालाने फुकट घरी येत असे; २०११ मध्ये ती सोय बंद झाली. आता ते काम आपणच करू शकतो. ही फाइल दुसऱ्याला देणे कायदेशीर आहे. पोळ्याला नागपूरहून येणाऱ्या मुलाला आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह भरून आणायला सांगा. तेवढ्यात दहा घरांचे काम होईल.