आखाजी ते आखाजी

सटाण्याच्या बाजारात वैशाख लागायच्या आधीच कुंभारांच्या घागरी येऊन बसतात. आई घागर घेताना ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. खणखणली तर घरी यायची, बद्द वाजली तर परत ढिगावर. घरी आल्यावर ती धुऊन, पाणी भरून पाटावर ठेवायची. तिच्या तोंडावर छोटं मातीचं भांडं, त्यावर डांगर (म्हणजे खरबूज, भोपळा नव्हे), सांजोऱ्या आणि दोन आंबे. नवं मडकं पहिल्या दिवशी झिरपतंच. दुपारपर्यंत बुडाशी ओल यायची, पाटावर गोल काळसर डाग उमटायचा. ही घागर पितरांची. पितर जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही आणि आंब्याला तर हातही लावायचा नाही.

हा दिवस म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. पंचांगात अक्षय्य तृतीया, आमच्या बागलाणात आणि सगळ्या खानदेशात आखाजी. शेजाऱ्यांची नावं जवळ ठेवली की या शब्दाचं कूळ कळतं. साल्हेर ओलांडून पलीकडे गुजरातेत उतरलं की हाच दिवस ‘अखात्रीज’ होतो. राजस्थानात तो ‘आखातीज’, छत्तीसगडात ‘अक्ती’. सगळीकडे संस्कृतातला ‘क्ष’ प्राकृतात ‘क्ख’ झाला, ‘अक्षय’चं ‘अक्खय’ झालं आणि पुढे ‘आखा’. राहिला ‘जी’. पुष्कळांना तो आदरार्थी वाटतो, गुरुजी-बापूजीसारखा. मला त्यात ‘तीज’ ऐकू येते. दोन स्वरांमधला ‘त’ गाळायची सवय प्राकृताला होतीच, तेव्हा आखातीजेतला ‘त’ पडला आणि उरलेली अक्षरं अहिराणी जिभेवर ‘आखाजी’ अशी बसली असावीत. बागलाण म्हणजे सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरचा मुलूख. आमच्या अहिराणीत निम्मी गुजराती बसलेली आहे, तेव्हा तीज इकडे पाहुणी आली तर नवल नाही.

आणखी एक गंमत. ‘अक्षत’, म्हणजे न मोडलेलं, त्याचंही प्राकृतात ‘अक्खय’च होतं. न सरणारं आणि न तुटलेलं हे दोन्ही शब्द तिथे एकाच तोंडानं बोलतात.

असाच प्रवास ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात दिसतो. आसामी माणसाच्या तोंडी वैशाखाचा ‘बोहाग’ झाला, आणि ‘बिहू’ हा शब्द सहसा ‘विषुव’पासून आला असं सांगतात. तिथे बिहू तीन. एप्रिलच्या मध्याला पेरणीच्या उंबऱ्यावरचा रंगाली, ऑक्टोबरात कंगाली, जानेवारीत सुगीचा भोगाली. रंगालीच्या आरंभी गुरांना नदीवर नेऊन न्हाऊ-माखू घालतात. आमच्याकडे हे काम पोळ्याला, म्हणजे अहिराणीतल्या ‘पोया’ला, श्रावणी अमावस्येला. कंगालीत उत्सव जवळजवळ नाहीच. कोठारं रिकामी, भात अजून शेतात उभा, म्हणून शेतात आणि तुळशीपाशी दिवा लावायचा, इतकंच. रिकामेपणाचाही सण असतो हे आसामी शेतकऱ्यानं नावातच कबूल करून टाकलं आहे.

आम्ही नाव ठेवलं ‘न सरणारं’, आणि सण येतो तो सगळं सरलेलं असताना. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरलेला असतो, शेत उघडं पडलेलं असतं, आरम नदीत वाळू दिसत असते, विहिरी तळाला गेलेल्या. या दिवशी उदककुंभाचं दान अक्षय फळ देतं असं धर्मग्रंथ सांगतात. पण वैशाखातल्या तहानलेल्या माणसाला पाण्याच्या घागरीची महती कळायला पोथी लागत नसावी.

बायकांची आखाजी वेगळीच. भाऊ मुराळी होऊन बहिणीला आणायला जातो. कडुनिंबाच्या फांदीला झोके लागतात. गौराई बसते. खापरावर हातानं फिरवत वाढवलेली पुरणपोळी, आमरस, कुरडया. गोवरीच्या निखाऱ्यावर आगारी टाकली की तुपाचा धूर घरभर पसरतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी या सणावर गाणं रचलं आहे, तेव्हा झोक्याबद्दल मी आणखी काही बोलू नये हे बरं.

पुरुषांची आखाजी पत्त्यांची. वर्षभर जुगाराच्या नावानं बोटं मोडणारी घरंही या दिवशी काणाडोळा करतात. त्यामागे मला हिशेबच दिसतो, कारण आखाजी हा खानदेशातल्या सालदाराचा वर्षअखेरीचा दिवस. सालदार म्हणजे एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. आखाजीला त्याचं जुनं साल संपायचं, घेणं-देणं मिटायचं, नवी बोली व्हायची. ठरलं तर तोच वाडा, नाहीतर दुसरा. जुनं साल संपलं आणि नवं सुरू व्हायचं आहे, एवढ्या फटीत तो कुणाचाच गडी नसायचा. हातात रोकड आणि डोक्यावर मालक नाही, असा वर्षातला तो बहुधा एकच दिवस.

या सालात एक मेख आहे. बिहू सूर्यावर चालतो, त्यामुळे त्याची तारीख फारशी हलत नाही. आखाजी चंद्रावर चालते. 2023 मध्ये ती 22 एप्रिलला होती, 2024 मध्ये 10 मे रोजी आणि 2025 मध्ये 30 एप्रिलला. मोजून बघा. पहिलं साल 384 दिवसांचं भरतं, दुसरं 355 दिवसांचं. पहिल्यात अधिक श्रावण पडला होता. बोली आखाजी ते आखाजी, म्हणजे धोंड्याच्या महिन्याचे 29 दिवस जास्तीचे.

लहानपणी हे गणित मी आजोबांपुढे मांडलं होतं. ते बैलाची कासरी वळत होते. मान वर न करता म्हणाले, “साल म्हंजे साल.” ओट्याच्या कडेला बसलेल्या आमच्या सालदारानं तंबाखू मळता मळता माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. त्यानं ते गणित माझ्या कितीतरी आधी केलेलं होतं.

आता वर्षाच्या बोलीनं राहणारा गडी बागलाणात शोधावा लागतो. कांदा लागवडीला टोळ्या उक्ती कामं घेतात, डाळिंबाच्या छाटणीला रोजानं माणसं येतात, आणि रोजाला अधिक महिना नसतो. ज्यांच्याकडे अजून सालदार आहे, त्यांच्यासाठी सांगून ठेवतो: 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे.