खानदेशातील जलव्यवस्थापनाचा इतिहास : फड पद्धतीपासून पाणी वापर संस्थेपर्यंत

प्रस्तावना

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी वाघूर नदी लेण्यांच्या पायथ्याशी घोड्याच्या नालासारखे वळण घेते, उत्तरेकडे उतरते आणि जामनेर तालुक्यातील पहूरजवळून जात पुढे तापीस मिळते. पावसाळ्यात दुथडी भरणारी ही नदी उन्हाळ्यात कोरडी पडते. पहूरच्या खालच्या अंगास तिच्यावर बांधलेल्या वाघूर धरणावर आज जळगाव शहराची तहान भागते. म्हणजे एकाच पाणलोटात माथ्यावरचे जंगल, मधल्या पट्ट्यातील शेती आणि टोकाचे शहर असे तीन वाटेकरी आहेत. या वाटेकऱ्यांत पाणी कोणी, किती आणि कोणत्या पिकासाठी घ्यावे, हा खरा प्रश्न होय. तो खानदेशास नवीन नाही. पश्चिम खानदेशातील फड पद्धतीने काही शतके या प्रश्नाचे उत्तर दिले होते. ते उत्तर कोणते होते, ते का मोडले आणि आजच्या कायद्यांत त्यातले काय उरले आहे, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खानदेशावर इ. स. 1382 ते 1601 या काळात फारुकी घराण्याची सत्ता होती. थाळनेर, असीरगड व बुऱ्हाणपूर ही तिची केंद्रे. पांझरा नदीवरील अनेक जुने बंधारे लोकपरंपरा या राजवटीशी जोडते. अभ्यासक फड पद्धतीचा काळ साधारणतः तीनशे ते चारशे वर्षांमागे नेतात. 1601 मध्ये अकबराने असीरगड जिंकल्यावर हा प्रदेश मोगलांकडे गेला. बुऱ्हाणपूर येथे भूमिगत पाणी खेळविणारा कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात उभा राहिला. शहरासाठी भूमिगत जलवाहिनी आणि शेतीसाठी नदीवरील बंधारा, अशा दोन परंपरा तापी खोऱ्यात दिसून येतात.

फड पद्धती पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर रुजली, त्यास भौगोलिक कारण आहे. या नद्या सह्याद्रीच्या पावसाळी माथ्यावरून उतरतात. त्यांचा प्रवाह पावसाळ्यानंतरही काही महिने टिकतो व खडकाळ पात्रात बंधाऱ्यास भक्कम पाया मिळतो. अजिंठ्याच्या रांगेतून येणाऱ्या वाघूरसारख्या नद्यांना हे अनुकूल नव्हते.

फड पद्धतीची रचना

नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतात पाणी नेणारे सारंग, अशी ही रचना असे. पाटाची लांबी दोन ते बारा किलोमीटरपर्यंत आढळते. भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणत. थळाचे सामान्यतः तीन किंवा चार फड पाडले जात. एका फडाचे क्षेत्र 10 पासून 200 हेक्टरपर्यंत असे.

या रचनेचे मर्म मात्र बांधकामात नव्हते. एका फडात एका हंगामात एकच पीक घ्यायचे, हा नियम होता. कोणत्या फडात ऊस, कोणत्या फडात गहू वा भात आणि कोणता फड पडीक ठेवायचा, याचा निर्णय गावकरी नदीतील पाण्याचा अंदाज घेऊन दरवर्षी एकत्र करीत. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. त्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तर तोटा एकट्यादुकट्याच्या वाट्यास न येता सर्वांत विभागला जाई. पिकांच्या फेरपालटीमुळे जमिनीचा कस टिकून राही व ती पाणथळ वा खारवट होण्याचा धोकाही कमी होई.

पाणी शेतकरी स्वतः घेत नसे. ते देण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या व देखरेखीसाठी हवालदार असे. त्यांना मोबदला धान्यरूपाने मिळे. पाटाचा गाळ काढण्याचे काम सर्वांनी मिळून करावयाचे असे.

ही व्यवस्था आदर्श होती असे मानणे मात्र इतिहासास धरून होणार नाही. थळात जमीन असलेल्यांपुरतीच ती होती. भूमिहीनांना आणि नदीच्या माथ्यावर राहणाऱ्या आदिवासी समाजास तिच्या निर्णयात स्थान नव्हते. समता होती ती वाटेकऱ्यांपुरती.

ब्रिटिश राजवट आणि पाण्याची मालकी

पेशवाईच्या अखेरीस, विशेषतः 1803-04 च्या लुटालुटीत व दुष्काळात खानदेश उद्ध्वस्त झाला. 1818 मध्ये कंपनी सरकारची सत्ता आली व कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे कारभार आला. 1880 च्या खानदेश गॅझेटियरमधूनही जुन्या, मोडक्या बंधाऱ्यांचे विपुल उल्लेख मिळतात. सरकारने काही बंधारे दुरुस्त केले. गिरणेवर जामदा येथील कालव्यांसारखी नवी कामेही हाती घेतली. अभियंता मो. विश्वेश्वरय्या यांच्या सेवेचा आरंभही या भागातला. 1884 मध्ये साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या प्रवाहाखालून पाणी नेणारी नळवाहिनी त्यांनी बांधली. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पुरस्कारलेल्या ब्लॉक पद्धतीत जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट करण्याचे तत्त्व होते. फड पद्धतीशी तिचे साम्य लक्षणीय आहे.

तथापि दुरुस्तीबरोबर एक मूलभूत बदलही झाला. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने अधिसूचना काढून नदीचे पाणी कालव्यांसाठी वापरण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. त्याआधी, 1878 च्या वन कायद्याने माथ्यावरील जंगल सरकारच्या ताब्यात गेले होते. जंगल एका खात्याकडे व पाणी दुसऱ्या खात्याकडे गेले आणि पाणलोट ही एकसंध बाब कारभाराच्या नजरेतून नाहीशी झाली. पाणी जिरवण्यासाठी बांधबंदिस्ती करावी, अशी सूचना महात्मा फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये केली, ती याच काळात.

स्वातंत्र्योत्तर काळातील ऱ्हास

स्वातंत्र्यानंतर मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणे वरच्या अंगास झाली. बंधाऱ्यात येणारे पाणी आता नदीच्या प्रवाहावर न ठरता धरणाच्या पाळीवर ठरू लागले. त्याहून खोल परिणाम विहीर आणि विजेच्या पंपाने केला. ज्याच्या विहिरीस पाणी, त्याला फडाच्या निर्णयाची गरज उरली नाही. गहू ठरलेल्या फडात त्याने ऊस लावला, तर त्यास रोखण्याचे साधन गावाकडे राहिले नाही. अनेक ठिकाणी बंधारा शाबूत राहिला, पण त्यामागचा करार विरला. फड पद्धती पाण्याअभावी मोडली असे म्हणण्यापेक्षा, पाणी ज्याचे त्याचे झाल्यामुळे मोडली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

पूर्व खानदेशातही हाच क्रम दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर पट्ट्यात केळीसाठी झालेल्या उपशाने विहिरींची पातळी खोल गेली. ठिबक सिंचनाने पाण्याची बचत झाली. मात्र वाचलेले पाणी नदीत राहावे की नव्या लागवडीस जावे, हे ठरविणारी सामाईक व्यवस्था नव्हती.

आधुनिक प्रयत्न आणि कायदे

शिरपूर तालुक्यात 2004 पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले खोल व रुंद करून सिमेंट बंधारे बांधण्यात आले. त्याने भूजल वाढले. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे आदिवासी ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले व पाणी अडविले. पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पहिल्या प्रयोगाचा भर पुरवठ्यावर आहे, दुसऱ्याचा नियमांवर. फड पद्धतीत ज्यांना स्थान नव्हते, त्या माथ्यावरील समाजाने बारीपाड्यात स्वतःच्या नियमांनी पाणलोट सांभाळला, ही ऐतिहासिकदृष्ट्या महत्त्वाची बाब होय.

महाराष्ट्र शासनाच्या 2005 च्या अधिनियमाने सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे सोपविण्याची तरतूद केली. पाणी मोजून देणे हे तिचे तत्त्व. मंजूर कोट्यात पीक कोणते घ्यावे, याचे स्वातंत्र्य शेतकऱ्यास आहे. उलट 2009 च्या आणि 2014 पासून अंमलात आलेल्या भूजल अधिनियमात भूजलाच्या उपलब्धतेनुसार पीक योजनेची तरतूद आहे. एक कायदा कालव्याचे पाणी पाहतो, दुसरा विहिरीचे. फड पद्धतीत पाणी आणि पीक हा एकच निर्णय होता. कायद्यांनी तो दोन ठिकाणी विभागला आहे.

समारोप

खानदेशाच्या इतिहासातून तीन निष्कर्ष निघतात. बंधारा जितका दगडाचा, तितकाच कराराचा असतो. पाणी वाढविणाऱ्या कामास पिकाच्या सामाईक निर्णयाची जोड नसेल, तर वाढलेले पाणी नव्या उपशात संपते. आणि माथ्यावरील समाजास वगळून केलेले वाटप पाणलोटाचे रक्षण करू शकत नाही. वाघूरच्या खोऱ्यात फड पद्धती जशीच्या तशी आणता येणार नाही. तेथे नदीचा प्रवाह तसा नाही व जमिनीची मांडणीही तशी नाही. परंतु पावसाळा संपताच विहिरींतील पाणी मोजून पहूर परिसरातील गावांनी रब्बीचे पीक एकत्र ठरविणे शक्य आहे आणि त्यास कायद्याचा आधारही आहे. जळगाव शहर ज्या पाण्यावर अवलंबून आहे, ते या गावांच्या निर्णयाशी निगडित आहे. त्यामुळे त्या निर्णयाची किंमत एकट्या शेतकऱ्याने न सोसता शहरानेही तीत आपला वाटा उचलावा, हे फड पद्धतीच्याच तत्त्वास धरून होईल.