धातुदीप, गोमंतकीय

गोव्यात पितळ, तांबे व पंचधातू यांत घडवलेले उभे आणि टांगते दिवे, तसेच त्यांच्या घाटावरून पुढे आलेले विजेवरचे शिल्पदीप, यांचा विचार या नोंदीत केला आहे. जुनी समई ही पूजेची वस्तू आणि आजचा धातूचा दिवा ही कलाकृती, अशी वाटणी सर्रास केली जाते. ती टिकणारी नाही. समईचा आकार आणि तिचा उजेड यांचा विचार घडवणाऱ्याने एकत्रच केलेला असतो. नव्या शिल्पदीपालाही हीच कसोटी लावायला हवी.

ही कारागिरी डिचोलीसारख्या भागात का टिकली, याचे उत्तर बरेचसे राजकीय इतिहासात आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे पाडली गेली आणि अनेक देव स्थलांतरित झाले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच डिचोली महालातील नार्वे येथे आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला. तिथला दीपस्तंभ आजही उभा आहे. डिचोली व पेडणे हे प्रदेश पोर्तुगिजांच्या ताब्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस गेले, पेडणे तर १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. साहजिकच देवळांकडून दिव्यांना येणारी मागणी खंडित झाली नाही. पेडण्याच्या भगवतीचा दसरा व पुनव, कासारपालची कालिका, साखळीजवळच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत सोडल्या जाणाऱ्या दिव्यांच्या होड्या, हे सारे याच पट्ट्यातले. गिऱ्हाईक टिकले म्हणून कारागीर टिकला. धातू मात्र इथला नव्हे. डिचोलीच्या डोंगरांतून निघाले ते लोहखनिज, आणि ते बार्जांमधून मुरगाव बंदराकडे गेले. दिव्याचे पितळ बाहेरून आले किंवा जुन्या भांड्यांच्या मोडीतून वितळवले गेले.

समई सुटी करून पाहिली की तिची रचना कळते. बैठक, दांड्याचे तुकडे, तबक आणि माथ्यावरची कळी किंवा मोर हे भाग वेगवेगळे ओतून खरादावर कातले जातात व आट्यांनी एकमेकांत बसवले जातात. एवढा उंच दिवा एकसंध ओतणे अवघड आणि घासणे त्याहून अवघड. तबकाला पाच किंवा सात चोची असतात. वात चोचीत टेकते आणि तेल तिच्या तंतूंमधून वर चढते. चोच जास्त उतरती झाली तर तेल गळते, फार उभी झाली तर वातीला पुरेसे तेल मिळत नाही. तबक तिरपे बसले की एका बाजूच्या वाती आधी विझतात, म्हणून बैठक जड आणि दांडा अगदी ओळंब्यात हवा. दांड्यावरच्या गोल वळ्यांना ज्योतीचा उजेड वेगवेगळ्या ठिकाणी पकडता येतो, शिवाय भिरंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासताना फडके प्रत्येक खाचेत पोहोचते. टांगत्या लामणदिव्यात ही बुद्धी आणखी पुढे जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जोगेश्वरीच्या दिव्यात हत्तीचे पोट हीच तेलाची टाकी आहे. प्राणी तिथे शोभेसाठी बसवलेला नाही, तो दिव्याचे काम करतो.

यावर आक्षेप असा घेतला जातो की घडवणाऱ्याच्या मनात देव होता, शिल्प नव्हते. शिल्प हे नाव आपण मागाहून चिकटवतो. हेतूपुरता आक्षेप खरा आहे. पण पूजेला मातीची पणती पुरते. म्हार्दोळच्या म्हाळसा मंदिरासमोर कासवाच्या पाठीवर उभा राहिलेला, माथ्यावर गरुड असलेला पितळी स्तंभ पूजेच्या गरजेपलीकडचा आहे, आणि ते पलीकडचे कारागिराने जाणून केले आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दिव्याला वीज आली. तेल, वात, गुरुत्वाकर्षण यांची बंधने गेली. मग जुन्या घाटाचा आग्रह कशाला? घाटाचा आग्रह धरूच नये. समईच्या चोचीत ज्योतीच्या आकाराचे बल्ब खोवणे हा तर तिचा अपमानच. पण बंधने गेलेली नाहीत, बदलली आहेत. बल्ब डोळ्यांत खुपतो, वायर लपवावी लागते, एलईडीची उष्णता बाहेर काढावी लागते. डेन्मार्कच्या पोल हेनिंगसेन यांनी १९५८ मध्ये तांब्याच्या ७२ पाकळ्यांचा आर्टिचोक दिवा केला. त्यातली प्रत्येक पाकळी बल्ब नजरेआड ठेवते आणि उजेड पुढच्या पाकळीवर टाकते. त्या दिव्याचा देखणेपणा या कामातूनच येतो. पितळ स्टेनलेस स्टीलपेक्षा कितीतरी अधिक उष्णतावाहक आहे, त्यामुळे एलईडीची उष्णता दिव्याचे अंगच वाहून नेऊ शकते. इथे धातूला पुन्हा खरे काम मिळते.

हरमल, मोरजी, मांद्रे हा पेडण्याचा किनारा आणि २०२३ च्या जानेवारीत विमानवाहतुकीला खुला झालेला मोपा विमानतळ यांमुळे सजावटीच्या वस्तूंना या तालुक्यात नवे गिऱ्हाईक आले आहे. ते टाळण्याचे कारण नाही. मात्र खाऱ्या दमट हवेत पितळ काळवंडते. त्यावर लाखेसारखा पारदर्शक लेप दिला तर तो ठिकठिकाणी सुटून डाग पडतात, आणि वेल्डिंगने कायमची जोडलेली शिल्पे उघडून घासता येत नाहीत. आट्यांची जुनी जोडणी इथे आजही सरस ठरते. जिज्ञासूंनी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिवे जरूर पाहावेत. नवा शिल्पदीप घ्यायचा झाल्यास तो दुकानातच, अंधार करून, पेटवून पाहावा आणि त्याचे भाग सुटे होतात का ते विचारावे.